चौथ्या मजल्यावरचं विमान

आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. त्यांतल्या दोन गेलं वर्षभर विमानात आहेत. म्हणजे असतात गॅलरीतच. पण सकाळी ऊन यायच्या आधी मी डावीकडच्या खुर्चीत बसून डोळे जरा किलकिले केले, की गॅलरीचा कठडा पुसट होतो, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी ढगासारखी दिसायला लागते आणि आमचा चौथा मजला इमारतीपासून अलगद सुटतो. पाहुणे आले की दोन खुर्च्या कमी पडतात. मग आम्ही त्यांना स्टूल देतो. विमानातली खुर्ची मागायला पाहुण्यांनाही संकोच वाटतो.

विमानाची रचना सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा नीट समजेल. माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये छत्री, मूठ वर. ती दांडी. पायाखाली हिच्या जुन्या चपलांचा जोड. ती पेडलं. डाव्या हाताला हिचं शिवणयंत्र. त्याच्या ड्रॉवरची मूठ आत ढकलली की वेग वाढतो, बाहेर ओढली की कमी होतो. ड्रॉवरमध्ये बटणं असल्यामुळे वेग वाढताना खडखड आवाजही येतो. उजवीकडच्या खुर्चीत ही बसते. हिच्या मांडीवर शेंगांची परडी असते आणि गुडघ्यावर उड्डाणाआधी तपासायच्या गोष्टींचा कागद. ही एकेक विचारते, मी उत्तर देतो. "दार?" "बंद." "पट्टा?" "लावला." "पेट्रोल?" "चालू." "गॅस?" "बंद." यातला गॅस कागदावर नाही. पण घरातून पाऊल बाहेर टाकताना गॅस बंद केला का, हे विचारल्याशिवाय हिला आयुष्यात कधी निघता आलेलं नाही, आणि निघणं म्हणजे निघणं, मग ते भाजीला असो की आकाशात, असं हिचं मत आहे.

हे सगळं सुरू कसं झालं, ते फार पाल्हाळ न लावता सांगतो. मी नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. आमच्या गावाची प्रत्येक गल्ली मी शाईने काढली आहे. नकाशा म्हणजे वरून पाहिलेलं गाव, आणि मी स्वतः चौथ्या मजल्याच्या वर कधी गेलो नव्हतो. एकदा गावाबाहेरच्या लहानशा विमानतळाच्या कुंपणाची रेघ नव्याने मारायची होती म्हणून तिकडे गेलो. तिथे गवतात दोन माणसांचं एक पांढरं विमान उभं होतं आणि त्याच्या पंखाच्या सावलीत एक मांजर झोपलं होतं. वारा सुटला की विमान जागच्या जागी किंचित हलायचं, मांजर मात्र हलायचं नाही. बस्स, एवढंच. माणूस प्रेमात कसा पडतो, हे मला त्या दिवशी आयुष्यात दुसऱ्यांदा कळलं. पैशांचं विचाराल, तर ते गाडी घेण्यासाठी ठेवलेले होते. गाडीचा दोष एवढाच, की ती रस्त्यावरून जाते.

घरी येऊन हिला सांगितलं. ही तेव्हा माळ्यावरची धूळ पुसत होती. आमचा माळा एकदा पाहण्यासारखा आहे. त्यावर एक व्हायोलिन आहे, त्यावर मला एका गाण्याचा पहिला अर्धा भाग वाजवता येतो. दुर्बिणीची नळी आहे, तिला काच बसवायची राहिली. बाटलीतलं जहाज आहे, म्हणजे बाटली आहे आणि शेजारी जहाज आहे. एका परक्या भाषेची पुस्तकं आहेत. त्या भाषेत मी 'स्टेशन कुठे आहे' असं अस्खलित विचारू शकतो, फक्त उत्तर कळत नाही.

माझं ऐकून ही शिडीवरून खाली उतरली. फडकं झटकलं. मग म्हणाली, "व्हायोलिन माळ्यावर बसलं, दुर्बीण बसली. विमान बसणार नाही. शिकायचं तर पुरतं शिका, नाहीतर आत्ताच नको म्हणा. तुमच्या अर्धवट राहिलेल्या गोष्टींवरची धूळ पुसायचा मला कंटाळा आलाय."

हे ती चिडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती साधेपणाने म्हणाली, आणि तेच मला लागलं. त्या क्षणापासून विमान हे निमित्त झालं. मला आयुष्यात एकदा तरी हिच्या देखत काहीतरी पुरं करून दाखवायचं होतं.

पण उडण्याआधी सरकारदरबारी चालावं लागतं. परवान्याच्या खिडकीवरच्या कारकुनाने 'विमान शिकण्याचा हेतू' असं विचारलं. मी म्हणालो, मनात आलं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तसं सदर नाही म्हणून सांगितलं. व्यवसाय, क्रीडा, नोकरी आणि पिकांवरची फवारणी अशी चारच सदरं होती. आम्ही दोघांनी बराच विचार केला. शेवटी त्यानेच मायेने सुचवलं की फवारणीकडे सध्या फारसं कोणी येत नाही. अशा रीतीने, ज्याने कुंडीतल्या झाडालाही कधी वेळेवर पाणी घातलं नाही, तो मी सरकारी कागदावर फवारणीचा उमेदवार झालो.

आमच्या कचेरीची तऱ्हा आणखी वेगळी. मुख्यालय, म्हणजे हे गाव, सोडायचं तर साहेबांची परवानगी लागते. साहेबांनी शंका काढली, की जो कर्मचारी गावाच्या हद्दीत आहे पण हद्दीच्या बराच वर आहे, तो मुख्यालयात धरायचा की मुख्यालयाबाहेर? हद्द आडवी किती पसरते हे नियमात आहे. उभी किती जाते याबद्दल नियम गप्प आहे. फाइल वर गेली आणि अजून वरच आहे. डॉक्टरांचं मात्र लवकर आटपलं. त्यांनी डोळे पाहिले, कान पाहिले, नाडी धरली आणि ती इतकी संथ लागली, की मला झोप तर लागली नाही ना, अशी चौकशी केली.

मग चौकशीसाठी एक माणूस आमच्या इमारतीत आला. हे गृहस्थ खरोखर फवारणी करणार का, असं त्याने दारोदार विचारलं. झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवसापासून लोक कीड लागलेल्या कुंड्या घेऊन आमच्या दारात यायला लागले. मी साबणाचं पाणी शिंपडायला सांगायचो. दुर्दैवाने गुण यायचा, आणि गर्दी वाढायची.

सल्ल्यांचं तर विचारूच नका. आमच्या खालच्या मजल्यावर बँकेचे निवृत्त मॅनेजर राहतात. विमानात त्यांनी खिडकीची जागा मिळवून पुष्कळ प्रवास केलेला आहे, त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की वर गेल्यावर खालचा हमरस्ता सोडायचा नाही, आणि उतरताना ब्रेक एकदम दाबायचा नाही. दुसरे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी. ते बोलत नाहीत, नोटीस लावतात. 'इमारतीच्या आवारात विमान उभे करण्यास सक्त मनाई आहे,' अशी नोटीस त्यांनी लावली. मी विमान घेणार नसून फक्त शिकणार आहे, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी नोटिशीखाली 'शिकाऊ विमानासही' असं वाढवलं.

एवढ्या सगळ्यातून मी त्या पांढऱ्या विमानात बसलो. आत जागा इतकीच की सुस्कारा टाकायचा तर शेजारच्याला विचारून टाकावा. शेजारी माझ्या गुरू. त्यांना सगळे कॅप्टनबाई म्हणत. केस पिकलेले, हातात सुया आणि लोकर. विमान धावायला लागलं की बाई विणकाम पिशवीत टाकायच्या आणि डोळे मिटायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं त्या प्रार्थना करताहेत. मग कळलं, की शिकवायची त्यांची ही पद्धतच आहे. विमान कसं चाललंय ते इंजिनाच्या आवाजावरून आणि खुर्चीच्या कलण्यावरून त्यांना कळायचं. राहिला विद्यार्थी, त्याच्या मनात काय चाललंय ते कळायला त्यांनी एकच नियम केला होता. विमानात काही मनातल्या मनात करायचं नाही. जे करायचं ते मोठ्याने बोलून करायचं. हात दांडीवर नेताना सांगायचं, वळताना सांगायचं, भीती वाटली तरी सांगायचं. "गप्प बसलेला माणूस हवेत धोक्याचा," असं त्या म्हणायच्या.

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला मोठ्याने बोलायची परवानगी म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी बोलायला लागलो. वेग सांगता सांगता खालची नदी सांगायचो, नदी सांगता सांगता मी ती नकाशात किती जाड काढली होती आणि प्रत्यक्षात ती किती नाजूक आहे ते सांगायचो. गाव खाली असं पडलेलं असायचं, जसं कोणी हातरुमाल वाळत घालून विसरून गेलंय. मी काढलेली प्रत्येक गल्ली तिथे होती आणि तिच्यात माणसं होती, ती मात्र मी कधी काढली नव्हती. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. नियमाप्रमाणे तेही मी मोठ्याने सांगितलं. बाईंनी डोळे न उघडता रुमाल पुढे केला.

माझं उडणं छान होतं, वळणं छान होती. उतरणं तेवढं भयंकर होतं. विमान जमिनीजवळ आलं की दांडी अलगद मागे ओढून त्याला जमिनीवर टेकवायचं असतं. मी ओढायचो, आणि विमान जमिनीच्या खूप वर, हवेतच, आता काय करू असं विचारत थांबायचं. मग धाडकन खाली पडायचं, उसळायचं, पुन्हा पडायचं. विमानतळावरची मंडळी मला 'बेडूक' म्हणायला लागली. मांजर तर मी उतरताना दिसलो की पंखाखालून उठून कचेरीत जाऊन बसायचं. हे आठवड्यामागून आठवडे चाललं. माझ्या मागून आलेली दोन पोरं एकटी उडून पेढे वाटून मोकळी झाली, आणि मी आपला पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी एक दिवस कॅप्टनबाई लोकर गुंडाळत म्हणाल्या, की काही माणसं प्रवासी म्हणून फार चांगली असतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आणखी एकदोन वेळा पाहू, नाहीतर थांबू.

मी घरी आलो तर माळ्याचं दार उघडं होतं. व्हायोलिन थोडं डावीकडे सरकवलेलं होतं आणि शेजारी स्वच्छ पुसलेली जागा होती, विमानात कानाला लावायच्या माझ्या हेडफोनच्या खोक्याएवढी. मी हिला विचारलं. ही म्हणाली, कुठे काय, साफसफाई करत होते. हिचा आवाज मऊ होता. त्या मऊपणाने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गॅलरीत बसलो. ही शेंगा सोलत होती. सोलता सोलता हिने सहज विचारलं, की उतरताना जमीन कशी दिसते? मी म्हणालो, अगदी आपल्याला इथून दिसते तशी. तशी दिसली की मी दांडी ओढतो.

हिचा हात थांबला. हिने कठड्यावरून खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो," ही म्हणाली, "आपण चौथ्या मजल्यावर राहतो."

मीही खाली वाकून पाहिलं. इतके महिने, रोज सकाळी, मी या खुर्चीतून जमीन पाहत उतरण्याचा सराव केला होता. माझ्या डोळ्यांना जमीन म्हणजे चार मजले खाली, हेच पाठ झालं होतं. बिचारं विमान दर वेळी चौथ्या मजल्यावर उतरत होतं, आणि तिथे आमची गॅलरी नव्हती.

त्यावर उपाय एकच होता आणि तो अब्रूला परवडणारा नव्हता. आम्ही खुर्च्या खाली आवारात नेल्या. छत्री, चपला, सगळं नेलं. शिवणयंत्र नेता येईना म्हणून नुसता ड्रॉवर काढून नेला. सकाळी कामावर निघालेली इमारत आमच्या भोवतून गेली. एक पोक्त जोडपं आवाराच्या मधोमध जेवणाच्या खुर्च्यांवर बसलंय, पुढे टक लावून पाहतंय आणि नवरा छत्री पोटाशी ओढत 'आता, आता, आता' म्हणतोय, हे दृश्य लोकांनी फार समजूतदारपणे पाहिलं. मॅनेजर ब्रेकची आठवण करून गेले. सेक्रेटरींनी नोटीस लावली नाही, फक्त जुन्या नोटिशीसमोर बराच वेळ उभे राहिले. माझे कान तापले होते. पण शेजारच्या खुर्चीतून ही शांतपणे 'दार? पट्टा? पेट्रोल? गॅस?' विचारत होती, आणि हिला लाज वाटत नाही तर मला कशाला, असं म्हणून मी रोज बसत राहिलो.

पुढच्या खेपेला मी विमान जमिनीवर असं टेकवलं की कॅप्टनबाईंना उतरलो ते कळलंच नाही. त्यांनी डोळे उघडले, खिडकीतून गवत पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या मी खाली थांबते. तुम्ही एकटे एक फेरी मारून या."

आता छत्रीच्या बटणाबद्दल सांगायला हवं. विमानाच्या दांडीवर एक बटण असतं. ते दाबलं की आपलं बोलणं विमानतळाच्या टॉवरला ऐकू जातं, आणि सोडलं की त्यांचं आपल्याला. आमच्या छत्रीच्या मुठीवरही बटण होतं. एकदा ऐन चढताना ते दाबलं गेलं आणि गॅलरीत छत्री फटकन उघडून शेंगा खालच्या मजल्यावर गेल्या. तेव्हापासून हिने छत्री नाडीने घट्ट बांधली होती. बांधलेल्या छत्रीचं गंजलेलं बटण दाबायला अंगठ्याचा सगळा जोर लागतो. मला त्या जोराची सवय झाली होती. चौथ्या मजल्याचा घोटाळा आमच्या लक्षात आला, छत्रीचा आला नाही.

एकट्याने उडायच्या दिवशी मला कोणी नको होतं. मी फक्त हिला सांगितलं होतं. पण सकाळी मी बुटांना पॉलिश करताना मॅनेजरांनी जिन्यातून पाहिलं, आणि शाळेची एक व्हॅन भरून सगळी इमारत विमानतळावर हजर झाली. व्हॅन सेक्रेटरींनी ठरवली होती, हे मला नंतर कळलं. मंडळी तिथल्या कॅन्टीनमध्ये बसली. कॅन्टीनच्या भिंतीवर एक स्पीकर आहे. टॉवरचं आणि विमानांचं सगळं बोलणं त्यावर ऐकू येतं, म्हणजे कोण उतरतंय ते कळून चहावाल्याला आधण ठेवता येतं.

मी विमानात बसलो. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बाईंची लोकरसुद्धा नव्हती. बाईंनी पंखावर थाप मारली आणि एवढंच म्हणाल्या, की मी नाही म्हणून गप्प बसू नका, बोलत राहा. मी बटण दाबलं, टॉवरकडे निघायची परवानगी मागितली, ती मिळाली. निघतो म्हणून सांगण्यासाठी पुन्हा बटण दाबलं, छत्रीच्या जोराने. ते आत गेलं आणि आतच राहिलं. मला ते कळलं नाही. आता माझा प्रत्येक शब्द टॉवरला, आणि टॉवरमार्फत कॅन्टीनला जाणार होता, आणि त्यांचं एक अक्षर मला ऐकू येणार नव्हतं.

"दार बंद," मी मोठ्याने म्हणालो. "पट्टा लावला. पेट्रोल चालू. गॅस बंद."

विमान धावलं आणि नेहमीपेक्षा कितीतरी लवकर, हलकेच उचललं गेलं. बाईंच्या वजनाची त्याला आणि मला, दोघांनाही सवय होती. सकाळचं कोवळं ऊन पंखावर पसरलं होतं. खाली शेतांवर धुक्याचे तुकडे पडले होते. कानात पूर्ण शांतता होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीही काहीही सुचवत नव्हतं. मला वाटलं, टॉवरवाल्यांनी प्रसंग ओळखला आहे, आदराने गप्प बसले आहेत. मी पहिलं वळण घेतलं, घेतो असं सांगून घेतलं, आणि मग जे समोर दिसेल ते बोलत गेलो.

आमची इमारत दिसली. गच्चीवरची टाकी दिसली. तिथून ती इतकी लहान आणि गुणी वाटत होती की मला सगळ्यांबद्दल माया दाटून आली. मी मॅनेजरांना क्षमा केली. मोठ्याने केली. म्हणालो, माणूस बोलतो फार, पण बँकेत लोक त्याच्या दाराशी रांग लावून उभे राहायचे, आता जिन्यात माझ्याशिवाय कोण थांबतंय त्याच्यासाठी. सेक्रेटरींनाही क्षमा केली. म्हणालो, यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, मजकूर तेवढा वाचवत नाही. मग विमान धावपट्टीला समांतर लागलं, सूर्य उजव्या हाताला आला आणि त्याचं ऊन शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पडलं. इथून पुढे मी काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. दुर्दैवाने ते इतरांनाही आठवतं.

"इथे ही हवी होती," मी म्हणालो. "नाही, इथे नाही. माझ्या जागेवर हवी होती. एक दिवस चष्मा विसरला म्हणून मी दुपारी घरी परत आलो. किल्लीने दार उघडलं तर ही गॅलरीत होती. डावीकडच्या खुर्चीत. छत्री गुडघ्यांत धरलेली, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. दार, पट्टा, पेट्रोल. हिचा चेहरा असा होता की मी तो लग्नाच्या फोटोतही पाहिला नाही. मी चष्मा न घेताच परत गेलो. हवेत असलेल्या माणसाला हाक कशी मारायची? त्या दिवसापासून मला वाटतंय, की हिने माझ्या अर्धवट गोष्टी पुसल्या आणि स्वतःची एकही सुरू केली नाही. हे मला हिला सांगायचं आहे आणि खाली गेलो की जमणार नाही. खाली गेलो की मी शेंगा किती झाल्या ते विचारीन."

मग शेवटचं वळण आलं आणि बोलणं उतरण्याकडे वळलं. परवानगी मागितली, उत्तर आलं नाही. तेव्हा कुठे मला शंका आली. पण बाईंनी शिकवून ठेवलं होतं, की आवाज नसेल तर टॉवरच्या खिडकीकडे पाहायचं. तिथे हिरवा दिवा लागला होता, न लुकलुकता, माझ्यावर रोखलेला. "हिरवा दिवा दिसला," मी म्हणालो, "उतरतो." जमीन वर यायला लागली. चौथा मजला आला. मी काही केलं नाही. तिसरा गेला, दुसरा गेला. आवारातल्या खुर्चीतून दिसते तशी जमीन दिसली, जवळची, गवताची पाती मोजता येतील अशी. "आता," मी म्हणालो, आणि दांडी मागे घेतली. चाकांनी जमीन धरली. विमान उसळलं नाही. मांजर पंखाच्या सावलीची वाट पाहत तिथेच बसलं होतं, उठलं नाही, आणि मला कुठल्याही पदकापेक्षा तेवढं पुरे होतं.

कॅप्टनबाई चालत आल्या. त्यांनी दार उघडलं, काही न बोलता हात आत घातला आणि विणकामाच्या सुईने दांडीवरचं बटण अलगद वर काढलं. टक असा आवाज झाला. लगेच माझ्या कानात टॉवरचा आवाज आला. तो जरा घोगरा होता. "काका, स्वागत आहे," तो म्हणाला. "सगळं ऐकलं."

मला प्रथम अर्थ लागला नाही. मग लागला. मी बाईंना विचारलं, कॅन्टीनमध्येही? बाईंनी मान हलवली. सर्वांच्या चहावर साय धरली, एवढंच त्या म्हणाल्या.

कॅन्टीनसमोरून जाताना मॅनेजर पुढे आले. मला वाटलं, आता ब्रेकचं काढणार. त्यांनी फक्त माझा हात हातात घेतला आणि काही न सुचवता सोडला. सेक्रेटरी मागे उभे होते. त्यांच्या अक्षराबद्दल मी म्हणालो ते खरंच का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हणालो.

ही कुंपणाशी एकटी उभी होती. डोळे लाल होते, पण हातातली पर्स हिने अशी आवळून धरली होती की मला धीर होईना.

"बेल वाजवायची होती त्या दिवशी," ही म्हणाली.

"तू हवेत होतीस."

हिने कुंपणावरून विमानाकडे पाहिलं. मग विचारलं, "झालं का मग पुरं?"

मला हो म्हणायचं होतं. आयुष्यभर हिला हो म्हणता यावं म्हणून तर मी वर गेलो होतो. पण मागून येणाऱ्या कॅप्टनबाईंनी ऐकलं आणि सरळ सांगून टाकलं, की पुरं कसलं, आता कुठे सुरुवात आहे. मी मान खाली घातली. ही मात्र हसली. म्हणाली, बरं झालं, मग माळ्यावर जागा करायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आलो तर डावीकडच्या खुर्चीत ही बसली होती. पायांत जुन्या चपला नीट घातलेल्या, गुडघ्यांत छत्री. नाडी हिने सोडून टाकली होती. उजवीकडच्या खुर्चीवर शेंगांची परडी ठेवलेली होती. मी ती उचलली, मांडीवर घेतली आणि बसलो. समोरची टाकी ढगासारखी दिसायला लागली होती.

"दार?" मी विचारलं.

"बंद."

"पट्टा?"

"लावला."

"पेट्रोल?"

"चालू."

"गॅस?"

ही सवयीने अर्धवट उठली, आणि मग पुन्हा खाली बसली.

"तो तुम्ही बघून या," ही डोळे मिटून म्हणाली. "मी निघालेय."

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पाहिला. बंद होता. एवढ्यात मागे ड्रॉवरमधली बटणं खडखडायला लागली, आणि मी परडी सांभाळत धावत सुटलो. मला मागे राहायचं नव्हतं.